भाडेकरूचा बाप

इटलीत, बोलोन्यात, अकरा वर्षं मी परक्यांच्या म्हाताऱ्यांची उस्तवार केली. शेवटची म्हातारी गेली, तिच्या मुलीने माझ्या हातात दोन महिन्यांचा पगार आणि एक जुना कोट ठेवला, आणि मी रोमानियातल्या माझ्या गावाची, ब्राइलाची, बस पकडली. वय एकोणसाठ, कंबर कामातून गेलेली. मनात एकच होतं: तिसऱ्या मजल्यावरचं माझं दोन खोल्यांचं घर, आणि कुणाचीही हाक न येणारी झोप.

घरात भाडेकरू होता, विर्जिल पास्कारु. बंदरावर क्रेन चालवायचा. तीन वर्षं भाडं वेळेवर आलं. मग त्याचं काम गेलं, बायको स्पेनला गेली ती तिकडचीच झाली, आणि त्याने खेड्यातून आपल्या बापाला आणून ठेवलं. पाच महिन्यांचं भाडं थकलं होतं. "मी परत येतेय, घर रिकामं कर," असं फोनवर सांगितलं की म्हणायचा, "हो बाई, बघतो."

बघत तो काहीच नव्हता. मी बहिणीच्या, आनेताच्या, स्वयंपाकघरात घडीची खाट टाकून राहू लागले. रोज पहाटे तिचा नवरा कॉफी करायला यायचा आणि माझे पाय ओलांडून शेगडीपाशी जायचा. बोलायचा काही नाही. चमचा मात्र जरा जास्तच वाजवायचा.

एका सकाळी सरळ जाऊन माझ्या घराची बेल वाजवली. विर्जिलने दार उघडलं आणि वास आला. तो वास मी कुठेही ओळखीन. मोठ्या खोलीत, माझ्याच पलंगावर, म्हातारा तोआदेर भिंतीकडे तोंड करून पडला होता. पलंगाखालच्या लाकडी फळ्या काळ्या पडून फुगल्या होत्या. भिंतीला ओल चढली होती.

"किती वेळा कूस बदलतोस त्याची?" मी विचारलं.

"सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा."

"पाठ सडेल त्याची!"

"सडलीय थोडी," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

माझे हात आपसूक पुढे चालले होते. मी ते कोटाच्या खिशात कोंबले आणि निघून आले.

साफसफाईवाल्याला नेऊन दाखवलं. फळ्या उचकटायच्या, भिंती खरवडायच्या, सहा हजार लेय. वकिलाने तर हातच वर केले. "कुलूप बदललंत तर तुम्हीच अडकाल. रीतसर खटला भरा. दीड वर्ष धरून चाला."

"तोवर मी राहू कुठे?"

"ते कायद्यात लिहिलेलं नाही, बाई."

त्यानेच मग कासापुबाईंचं नाव दिलं. औषधाच्या दुकानावरच्या खोलीत बसून त्या असल्या भांडणांत तडजोड घडवून आणायच्या. विर्जिल आला, दाढी वगैरे करून. मला वाटलं होतं खोटं बोलेल. तो सगळं कबूल करत गेला. भाडं थकलंय? थकलंय. जमीन खराब झालीय? झालीय. घर सोडणार?

"सोडतो की. बापाला कुठे ठेवू तेवढं सांगा. बागेतल्या बाकावर ठेवू?"

"वृद्धाश्रमात नाव घातलंय का?" कासापुबाईंनी विचारलं.

"एकशे चाळिसावं. मुलगा सांभाळतोय असं कागदावर आहे ना, म्हणून मागे. दोन वर्षं तरी लागतील म्हणतात. आणि बापाला घेऊन मला घर कोण देणार? दारातच नाक मुरडतात."

"आणि मी?" माझा आवाज चढला. "स्वतःचं घर असून मी शेगडीशेजारी झोपते! अकरा वर्षं दुसऱ्यांचे गू-मूत काढून घेतलंय ते घर!"

तीन तास गेले. शेवटी कासापुबाईंनी लिहून काढलं. थकलेलं भाडं विर्जिलने थोडं थोडं फेडायचं. मार्चअखेर घर सोडायचं. जमीन आणि भिंती स्वतः नीट करायच्या, नाहीतर सफाईचं बिल भरायचं. तोवर लहान खोली माझी, मोठी त्यांची. त्याखाली मी आणखी एक कलम घालायला लावलं: मालकीण म्हाताऱ्याला हात लावणार नाही.

कासापुबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे लिहायलाच हवं का?"

"लिहायलाच हवं."

मी राहायला गेले. विर्जिल पहाटे बाजारात पोती उतरवायला जायचा, दुपारी दोनला यायचा. मधले आठ तास भिंतीपलीकडे म्हातारा हाका मारायचा. "आना! ए आना!" ती त्याची बायको, वीस वर्षांपूर्वी वारलेली. मी रेडिओ मोठा करायची. चर्चमध्ये जाऊन बसायची. बाजारात उगाच दोन-दोन फेऱ्या मारायची. घरी आले की जिन्यातच हाक कानावर पडायची.

नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी हाक आली नाही. त्या शांततेनेच मला उठवलं. आत गेले तर म्हातारा पलंगाच्या कडेवर अर्धा लोंबकळत होता, ओठ सुकून चिरलेले. मी त्याला वर ओढलं, पाणी पाजलं, पाठ धुतली, चादर बदलली. विर्जिल आला तेव्हा मी चोर्ब्याचा, आमच्याकडच्या आंबट सुपाचा, शेवटचा चमचा भरवत होते. तो दारातच उभा राहिला.

"कलम..." तो म्हणाला.

"तोंड बंद ठेव आणि मलम आण."

आनेताला कळलं तेव्हा तिने कपाळ बडवून घेतलं. "तिकडे निदान पगार तरी मिळायचा! इथे फुकट, वर भाडं नाही. तुझ्याएवढी अडाणी बाई अख्ख्या ब्राइलात नसेल, स्मरांदा."

फेब्रुवारीत विर्जिल म्हणाला, कॉन्स्टान्त्साला जहाजदुरुस्तीचं काम मिळतंय, तीनच दिवसांचं. "बापाकडे बघाल ना तेवढं?" मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो गेला.

तीन दिवस झाले, पाच झाले. फोन बंद. सहाव्या दिवशी मी पिशवी भरली, दाराला कुलूप लावलं आणि निघाले. दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले असेन. वर म्हातारा खोकत होता. मी पायरीवर बसले. खाली गेले तर आनेताचं स्वयंपाकघर, वर गेले तर हे. तो माझा बाप नव्हता, माझा कुणी नव्हता. पण त्याला पाणी द्यायला पृथ्वीवर दुसरं कुणी नव्हतं आणि किल्ली माझ्या हातात होती. पाय उचलेनात. मला रडूसुद्धा येईना. उठून वर गेले.

आठव्या दिवशी नगरपालिकेच्या समाजसेवा कचेरीत फोन केला. एक बाई आली, वही घेऊन.

"तुम्ही यांच्या कोण?"

"घरमालकीण."

"मुलगा?"

"गेला. ठावठिकाणा नाही."

तिने लिहिलं: सोडून दिलेला, सांभाळणारं कुणी नाही. दोन दिवसांत गाडी आली. जिन्यातून खाली नेताना म्हाताऱ्याने माझी बाही घट्ट धरली होती. कर्मचाऱ्याने एकेक बोट सोडवलं. गाडी वळली आणि माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं की मला माझीच लाज वाटली.

बाराव्या दिवशी विर्जिल आला. हातात फळ्यांचा भारा, खांद्याला अवजारांची पिशवी. रिकाम्या पलंगाकडे पाहिलं, पण दचकला नाही.

"कुठल्या आश्रमात?" एवढंच विचारलं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "फोन मुद्दाम बंद ठेवलास?"

तो फळ्या खाली ठेवू लागला.

"विर्जिल, मी विचारतेय!"

"मी इथे असतो तर दोन वर्षं लागली असती, बाई. टाकून दिलेल्यांना लगेच खाट मिळते."

"आणि तो मेला असता तर?"

"तुम्ही होतात ना." तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलला. "दुसऱ्या कुणाच्या घरात मी त्याला सोडून गेलोच नसतो."

मी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात कधी कुणावर हात उगारला नव्हता. तो गुडघ्यांवर बसला आणि पहारीने पहिली काळी फळी उचकटली.

चार दिवस तो काम करत होता. आश्रमाचा पत्ता मी कागदावर लिहून त्याच्या पिशवीवर ठेवला, पण त्याला जेवायला वाढलं नाही. भिंती खरवडल्या, चुना दिला, फळ्या बसवल्या. काम चोख केलं, ते कबूल करायला हवं.

पुन्हा कासापुबाईंकडे गेलो. सफाईचं बिल फिटलं असं लिहिलं. भाड्यापैकी त्याने दोन महिन्यांचं टेबलावर मोजून ठेवलं, उरलेलं मी सोडून दिलं. मार्च उजाडायचा होता.

"दोघांचीही आणखी काही तक्रार?" कासापुबाईंनी विचारलं.

माझी होती. कुठल्या शब्दांत लिहायची ते मला कळेना. "नाही," म्हणाले आणि सही केली.

विर्जिलने किल्ली टेबलावर ठेवली. "सुटलो एकदाचे, नाही का बाई?"

 तो कॉन्स्टान्त्साला गेला. महिन्यातून एकदा बापाला भेटायला येतो, असं आश्रमातली बाई सांगते. मी दर गुरुवारी जाते, विर्जिल येतो तो दिवस टाळून. आनेता विचारते, कशाला जातेस? मी तिला सांगते, फिरायला बरं पडतं.

घर आता सगळं माझं आहे. मोठ्या खोलीत ऊन छान येतं. मी अजून लहान खोलीतच झोपते.