दस्तीतला फोन

दयानंदला पहिला दंड झाला देगलूरच्या नाक्यावर, आणि त्याचा राग त्यानं घरी येऊन जेवणावर काढला. भाकरी कडक, वरण अळणी, अन् पोलीस तर सगळे त्याच्याच वाईटावर टपलेले. पुढून काढलेला फोटो पावतीबरोबर मोबाइलवर आला होता. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन, आणि तोंड हे एवढं उघडं. तो बघून दीपमालाला हसू आवरेना.

"हस, हस तू," दयानंद म्हणाला. "आता परत सापडलो तर दहा हजार. वर लायसन जाईल ते येगळंच."

"मंग बोलू नका की गाडी चालवताना."

"न्हाई उचलला तर आडत्या दुसऱ्या गाडीवाल्याला लावतो. बसू का मंग घरी, तुझ्यासंगं हातशिलाई करत?"

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्याची पिकअप उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, लागायची. कुठली पोती उचलायची, कुठं टाकायची, परतीला रिकामं यायचं की भाडं घेऊन, हे सगळं फोनवरच ठरायचं. पण बोलायचं तर गाडी बाजूला घेऊन बोलावं, हे काही त्याला सुचलं नाही. आणि दीपमालाला जे सुचलं, ते न सुचतं तर बरं झालं असतं.

आपल्याकडं गाडीवरचा गडी उन्हाळा असो की हिवाळा, डोक्याला दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, गुंडाळतोच. दीपमाला घरी ब्लाऊज शिवायची, फॉल-पिको करायची. तिनं दयानंदची निळी दस्ती घेतली आणि कानावर येते त्या जागी आतून अस्तराचा एक खिसा शिवला. आत फोन सरकवला की बाहेरून कळायची सोय नाही. वरून दस्तीचा फेटा आवळला की दोन्ही हात मोकळे. कायदा म्हणतो हातात फोन नको. नाहीच की हातात! दयानंदनं चार ड्रायव्हरांत बायकोच्या डोक्याचं कौतुक केलं, आणि मग ते चौघंही आपापल्या दस्त्या घेऊन दारात आले. दीपमालानं हौसेनं सगळ्यांना खिसे लावून दिले. एकीकडं सरकारनं कॅमेरे लावावेत, दंड वाढवावेत, आणि दुसरीकडं आपण अशा खिशांना शाबासकी द्यावी, अशी आपली तऱ्हा.

एकट्या धोंडाबाईला, दयानंदच्या आईला, ते पटलं नव्हतं. "डोक्यात कुणीतरी सारखं बोलत असंल तर माणसाला रस्ता दिसंल व्हय?" ती म्हणाली होती. पण म्हातारीचं कोण ऐकतं.

आणि त्या दुपारी, देगलूरच्या रस्त्यावर, त्याच्या डोक्यात दुसरं कुणी नाही, दीपमालाच बोलत होती. कुकरची रिंग सैल झाली होती. येताना नवी आणा, जुनी बसत नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. दयानंद म्हणाला, कोणत्या मापाची? ती म्हणाली, थांबा, कुकरवर लिहिलेलं बघते. आणि ती झाकण उलटं करून आकडे शोधत असतानाच फोनमध्ये धाडकन आवाज झाला.

"अहो!" ती ओरडली. "अहो, काय झालं?"

फोन दस्तीच्या घडीतून खाली गळ्यापाशी घसरला असावा, कारण तिच्या हाका त्याला ऐकू गेल्या नाहीत. पण फोन चालूच होता. दीपमालाला सगळं ऐकू आलं. गाडीचं दार, त्याची पावलं, त्याचा धापा टाकणारा श्वास. आणि एका बाईचा आवाज, लहान, तुटका. मग पुन्हा त्याचा श्वास, मग चेनची सर्रकन् ओढ, मग काहीतरी आपटून काच फुटल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. लांबून एक मोटारसायकल येऊन थांबल्याचं ऐकू आलं, आणि दयानंद एकदम मोठ्यानं म्हणाला, "बघा की हो! फोनवर बोलत बोलत डायरेक आडवी आली पोरगी!" तेव्हा कुठं दीपमालानं फोन ठेवला.

गेलेली मुलगी होती लुबना. देगलूरच्या जिलानी चपलेवाल्यांची थोरली, एका दवाखान्यात औषधाच्या काउंटरवर काम करायची, त्याच साली लग्न ठरलेलं. स्कूटी रस्त्याच्या कडेला पडली होती, आणि तिच्या उजव्या हातापाशी तिचा फोन, काच फुटून कायमचा बंद पडलेला. ठाण्यातल्या कागदावर काय लिहायचं ते त्या फोननं ठरवून टाकलं. मयत फोनवर बोलत होती, अपघाताला मयत स्वतः जबाबदार. दयानंदला जामीन मिळाला. कोण कुणाशी बोलत होतं हे तपासून बघायची गरज कुणाला वाटली नाही, कारण मेलेल्या माणसाकडून दंड वसूल होत नाही.

त्या रात्री घरी आल्यावर दयानंदनं पहिला प्रश्न विचारला तो हाच. "तू फोन कवा ठेवलास?"

"आवाज झाला अन् कट झाला," दीपमाला म्हणाली.

तो तिच्याकडं बघत राहिला. मग गळ्यातली दस्ती काढून तिच्या मांडीवर टाकली. "खिसा उसवून टाक. दोरा बी ठेवू नको." तिनं ब्लेडनं एकेक टाका कापला. संसार मोडेल, नवरा तुरुंगात जाईल, सासू म्हणेल बायकोनंच घातलं आत, हे सगळं तिच्या डोळ्यापुढं होतं. ती भित्री होती असं नाही. पण नवऱ्याला धरून देणारं तोंड कुठल्या बाईला सहज उघडता येतं?

तिला वाटलं, मेलेल्या पोरीचं आता काय बिघडणार. पण बिघडायचं ते जिवंत माणसांचं बिघडतच होतं. बातम्या देगलूरहून उदगीरला यायला वेळ लागत नाही, त्यातून दयानंदचे ड्रायव्हर दोस्त चहाला येऊन तिखटमीठ लावून सांगायचे. लुबनाचं ज्याच्याशी ठरलं होतं तो मुलगा, साद, म्हणाला होता, त्या वेळी ती माझ्याशी बोलत नव्हती. झालं. मग कुणाशी बोलत होती? एवढा एक प्रश्न गल्लीला पुरला. भर रस्त्यात, मरेपर्यंत सोडवत नाही असं बोलणं कुणाशी? जिलानीनं दुकान उघडणं सोडलं. धाकटी अफसाना लातूरला नर्सिंगला होती, तिचा फोन काढून घेऊन तिला घरी आणून बसवली. दोस्त हे सांगायचे आणि हसायचे, आणि दयानंदही, अंमळ उशिरानं का होईना, हसायचा. ते हसू बघितलं की दीपमालाला त्याची शिसारी यायची, आणि त्याहून जास्त स्वतःची.

लुबनाचा चाळिसावा दिवस जवळ आला होता. एका दुपारी दारात दोन बायका उभ्या राहिल्या, एक बुरख्यातली पोक्त, दुसरी ओढणी घट्ट धरलेली तरुण. धोंडाबाई पुढं झाली.

"कोण पाहिजे, बाई?"

"दयानंद ड्रायव्हरचं घर हेच का? मी सुलतानबी. लुबनाची आई. ही धाकटी, अफसाना."

धोंडाबाईचा चेहरा उतरला. भांडायला आल्या, असंच सगळ्यांना वाटलं. दयानंद आतल्या खोलीतून उठून आला तो आधीच आवाज चढवून. "हे बघा, जे काय असंल ते ठाण्यात बोला. माझी काय बी चूक न्हाई."

"हाव बेटा," सुलतानबी म्हणाली. "तेच सांगायला आले मी. चूक माझ्या पोरीची."

ती सतरंजीवर बसली. धोंडाबाईनं दिलेलं पाणी तिनं दोन घोट घेऊन खाली ठेवलं. मग हळूहळू, शब्द जुळवत ती बोलली. त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या हातून कुणाला त्रास झाला असेल तर तो ज्याला झाला त्यानंच माफ करावा लागतो. वरचाही मग त्यात हात घालत नाही. आम्ही माफी मागत सगळ्या गल्लीत फिरलो, नातेवाइकांत फिरलो. पण लुबनामुळं सगळ्यात जास्त त्रास झाला तो तुम्हाला. गाडी जप्त झाली, ठाण्यात बसावं लागलं, नाव पेपरात आलं. "तिच्या अब्बाला मी म्हटलं, तुम्ही नका जाऊ, मर्द माणूस, तुम्हाला सहन व्हायचं न्हाई. मी जाते. बेटा, तिनं फोनवर बोलून तुला संकटात टाकलं. तिला माफ कर. मनातल्या मनात नको, तोंडानं म्हण. कबरीत तिचं ओझं हलकं होईल."

दयानंदचं तोंड उघडं होतं, आणि दीपमालाला दिसत होतं की तो सुटका शोधतोय. आता तरी हा बोलेल, असं तिला वाटलं. निदान मान खाली घालेल, निदान उठून आत जाईल. एवढा हलकट माणूस नाही हा, तापात आपल्या उशाशी जागलेला माणूस आहे.

"माफ केलं," दयानंद म्हणाला.

सुलतानबीनं बुरख्याखाली हात जोडले. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "जीते रहो, बेटा." मग ती दीपमालाकडं वळली. "तू पण म्हण, बाई. तुझ्या घरावर पण आफत आणली तिनं."

अफसानानं पहिल्यांदाच मान वर केली. सगळ्या घरात ती एकटीच अशी होती जिला ही माफी मागायची नव्हती. तिच्या ओठांवर दात घट्ट बसले होते. दीपमालाला त्या पोरीच्या डोळ्यांकडं बघवेना.

"म्हण की गं," धोंडाबाई म्हणाली. "एवढ्या लांबून आल्यात."

"मी न्हाई म्हणणार," दीपमाला म्हणाली.

"दीपे!" दयानंद ओरडला.

"मला माफ करायचा हक न्हाई. फोनवर तुमची लेक नव्हती, अम्मा. फोनवर मी होते. ह्यांच्याशी बोलत होते. कानाशी दस्तीत फोन बसंल असा खिसा मीच शिवला होता, पोलिसाला दिसू नये म्हणून."

दयानंद तिच्या अंगावर धावला, पण धोंडाबाई मधे उभी राहिली. म्हातारीनं पोराच्या छातीवर हात ठेवला आणि तो तिथंच थांबला. "खोटं बोलायली ही," तो म्हणाला. "डोक्यावर परिणाम झालाय हिच्या. फोन ह्या बाईच्या लेकीच्या हातात सापडलाय, सरकारी कागदावर हाय."

"तिच्या हातात तुमी ठिवला," दीपमाला म्हणाली. "मी फोन कट केला नव्हता. मी सगळं ऐकत होते."

दयानंद एक पाऊल मागं सरकला. सुलतानबी एकदा त्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. तिला सगळं समजलं नव्हतं, पण एक गोष्ट समजली होती.

"तू ऐकलं?" ती म्हणाली. "माझ्या लुबनाचा आवाज ऐकला? जिवंत होती ती? आम्हाला तर म्हणले, जागच्या जागी गेली."

दीपमालाला वाटलं, इथंच थांबावं. एवढं पुरे आहे, नवऱ्याला आत घालायला आणि अफसानाला लातूरला परत पाठवायला एवढं पुरे आहे. उरलेलं सांगून या बाईचं काय भलं होणार? पण चोरलेल्या गोष्टीतला अर्धा वाटा परत करायचा आणि अर्धा ठेवून घ्यायचा, हे तिला आता जमणार नव्हतं.

"जिवंत होती," ती म्हणाली. "तिचा फोन पर्समधी होता. पर्सची चेन ह्यांनी उघडली, फोन आपटून फोडला, मला आवाज आला."

"पर्स कशाला उघडली?" सुलतानबीनं विचारलं.

"तीच म्हणली, उघडा म्हणून." दीपमालानं ते शब्द जसेच्या तसे सांगितले, लुबनाच्याच बोलीत, कारण ते रोज भाकरी थापताना, शिवताना तिच्या कानात वाजत होते. "भैय्या, पर्स में फोन है. अम्मी कू लगाव, म्हणली. दोनदा म्हणली. अम्मी कू लगाव."

अफसाना हुंदका देऊन आईच्या खांद्यावर कोसळली. सुलतानबी रडली नाही. ती उठून उभी राहिली, भिंतीचा आधार घेत, आणि दयानंदसमोर गेली. त्याला वाटलं ती मारणार, म्हणून त्यानं हात वर घेतला. तिनं मारलं नाही.

"मी घरीच होते रे," ती म्हणाली. "एक घंटी वाजली असती तरी उचलला असता. तू फोन हातात घेतलास, बेटा. नुसता लावायचा होतास. तिला मारलंस ते पण मी माफ केलं असतं."

दयानंद खाली बसला. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. दीपमालानं कोपऱ्यातल्या चपला पायात घातल्या आणि अफसानाला विचारलं, देगलूरच्या ठाण्यात आत्ता साहेब असतील का. धोंडाबाईनं सुनेला अडवलं नाही. तिनं फक्त दारातून बाजूला होऊन तिघींना वाट दिली.