एकतीस जून

सासरेबुवांनी एकेचाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढूनही लोकप्रिय राहिलेला असा माणूस विरळाच. एवढ्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांतून चूक सुटली ती एकच. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्यांनी जूनला एकतीस दिवस जाऊ दिले. मालकांनी गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत घातले, बोभाटा होऊ दिला नाही. एक पान मात्र सासरेबुवांनी घरी आणून कपाटाच्या खणात पालथं अंथरलं आणि वर हातरुमालांची चळत ठेवली. घरात कुणाला पत्ता नव्हता. लागला असता, तर सासरेबुवा जेवायला तोंड खाली घालून बसले असते.

एके सकाळी सुनेनं विचारलं, “बाबा, खणातला जुना कागद घेऊ? चित्राला हवाय.”

“घे की,” वर्तमानपत्रातल्या चुका लाल करता करता ते म्हणाले. कुठला खण, हे मागाहून लक्षात आलं.

ते टेबलाशी पोचेपर्यंत जून पुठ्ठ्यावर सुलटा चिकटून बसला होता.

“याला मिक्स्ड मीडिया म्हणतात, बाबा.”

“माझ्या शर्टाची बटणं कुठं जातात ते आज कळलं.”

चहाचं पाणी फिरलं, पहिला आठवडा तांबूस झाला. पतंगाच्या कागदाचे फाटके कपटे दुसऱ्यावर बसले. मग सुई निघाली आणि निळा दोरा तारखांतून धावू लागला. सासरेबुवांचा जीव टांगणीला लागला.

“अगं, खालचा डावा कोपरा ओकाबोका दिसतोय. मोठं बटण लाव तिथं.”

“लावते.” तिनं ते चोविसाव्या तारखेला लावलं.

“खाली गं, आणखी खाली! कोळशाचा एक जाड पट्टाच ओढ ना.”

“चित्र मी काढतेय की तुम्ही?”

बघता बघता तीस तारखा झाकल्या गेल्या. शेवटच्या ओळीत एकतिसावी एकटीच उरली. सुनेनं हात पुसले.

“कागद उलटला तेव्हाच दिसली होती मला. सगळीकडे हात चालला, इथं धजत नाही. काय लावायचं यावर, बाबा? या दिवशी काही झालेलंच नाही.”

सासरेबुवांनी भिंग आणलं. इतकी वर्षं त्यांनी त्या तारखेकडे चूक म्हणून पाहिलं होतं; दिवस म्हणून पाहायचं कधी सुचलंच नव्हतं. भोवतीचे तीस दिवस डागाळलेले, टाचलेले, काजळलेले; दिवस असतात तसे. मध्ये हा एक कोरा करकरीत. या दिवशी कुणी जन्मलं नव्हतं, कुणी गेलं नव्हतं. कुणाची बस चुकली नव्हती. नवराबायकोत शब्दाला शब्द लागला नव्हता. आणि आकडा लाल. म्हणजे रविवार! सगळ्या जगाला मिळू शकला असता असा एक आख्खा रविवार, अजून कुणी वापरलाच नव्हता.

जवळ कुणी झोपलेलं असावं तशा दबक्या आवाजात ते म्हणाले, “हात लावू नकोस.”

“तुम्हाला नको असेल तर माळ्यावर टाकते.”

त्यांनी भिंग खाली ठेवलं. “बाहेरच्या खोलीत लाव. दारासमोर.”

“लोक विचारतील, बाबा.”

“विचारू देत.”

संध्याकाळी शेजारचे गणिताचे मास्तर आले. चित्राशी वाकले, मुठीच्या उंचवट्यांवर महिने मोजले, पुन्हा मोजले.

“अहो, जूनला एकतीस? हा कुणी सोडला?”

“मी सोडला,” सासरेबुवा म्हणाले, आणि मास्तरांना नीट दिसावं म्हणून त्यांनी खिडकी उघडली.