आत्याच्या खिडकीतली मादी

आठ पायांच्या कोळ्याची नवी प्रजाती हाती लागली आहे, याबद्दल त्या तरुण संशोधिकेला तिळमात्र शंका नव्हती. प्राणिशास्त्र विभागाच्या साहेबांनाही नव्हती, त्यांना फक्त मादी हवी होती. "नुसत्या नराच्या जोरावर मी शोधनिबंधावर सही करणार नाही. महिनाअखेरपर्यंत मादी आण, नाहीतर दुसरं कुणीतरी नाव देऊन मोकळं होईल." नाव कुणाचं, हे विचारायचं कारणच नव्हतं. पहिल्या शोधाला साहेबांचं नाव द्यायचं, असा विभागाचा रिवाज होता आणि आधीच्या चौघांनी तो मुकाट पाळला होता.

उडी मारणारा तो कोळी तिला सापडला होता आत्याच्या शिवणाच्या खोलीत, खिडकीच्या पडद्यावर. पुढचे पाय पांढरेशुभ्र, कपाळावर नारिंगी पट्टा, रुबाब नवरदेवाचा. मादीसाठी मात्र तिने तीन महिने टेकड्या पालथ्या घातल्या आणि शेवटी हात हलवत आत्याकडे आली.

"मिळाली का त्याची बायको?" आत्याने बाहीला टीप घालता घालता विचारलं.

"नाही."

"मग ती कोण?" मशीन न थांबवता आत्याने हनुवटीने पडद्याकडे खूण केली. "रोज सकाळी त्याचा एक भाऊ तिच्यापुढे पाय वर करून नाचतो. ती ढुंकून बघत नाही."

पडद्यावर मातकट रंगाची एक बसली होती. असल्या मातकट कोळ्यांना 'नेहमीचेच' म्हणत तिने स्वतः याच खिडकीतून चारदा बाहेर सोडलं होतं. एवढं शिकून काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुसऱ्या सकाळी तिने तो नाच मोबाइलवर टिपला आणि जोडी प्रयोगशाळेत नेली. सूक्ष्मदर्शकाखाली खात्री पटली. अशी मादी कुठल्याच पुस्तकात नव्हती. मग तिने कागदावरचं साहेबांचं नाव खोडलं आणि आत्याचं लिहिलं.

"या कोण?" साहेबांनी चष्मा वर केला. "शिक्षण?"

"शिवणकाम. तीस वर्षं त्या खिडकीशी बसल्यात. आपण दोघांनी जे पाहिलं नाही, ते त्यांनी पाहिलं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "माझ्या नावाचे चार आहेतच म्हणा," असं पुटपुटत त्यांनी सही केली.

संध्याकाळी तिने आत्याला कागद वाचून दाखवला. सासरी वहिनी, माहेरी आत्या, गिऱ्हाइकांना शिवणवाली. कागदावरच्या त्या नावाने आत्याला कित्येक वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.

आत्याने मशीन थांबवलं.

"परत वाच," ती म्हणाली.