सतरा मिनिटं

"सतरा मिनिटं," धनेश म्हणाला. "टॅबमागे, अख्ख्या आठवड्याची. मॅडम, एवढ्यात तर टॅब गरम पन होत न्हाय."

विनिता त्याच्या टेबलासमोर उभीच होती. तालुक्यातल्या बारा शाळांत टॅब नीट वापरले जावेत, म्हणून तिला कंत्राटावर नेमलं होतं. कुठला टॅब किती मिनिटं चालला हे धनेश ऑफिसात बसून बघायचा. सोमवारपर्यंत सतराची दोनशे झाली नाहीत, तर नागावजवळच्या शाळेचे दहा टॅब काढून पहिल्या नंबरच्या शाळेला द्यायचे, असा हुकूम निघाला होता.

पहिल्या नंबरची शाळा विनिताने पाहिली होती. पोरं पटांगणात, वर्ग रिकामा, आणि बाकांवर दहा टॅब एकमेकांना ससा-कासवाची गोष्ट सांगत बसलेले. तिथल्या हेडमास्तरांना शाल मिळाली.

नागावजवळच्या शाळेत विवेक सर एकटे. चार इयत्ता, अडतीस पोरं. आईबाप होमस्टेच्या खोल्या झाडायला नाहीतर वाडीत नारळ सोलायला. तिथे विनिताने एकच गोष्ट लावून दिली होती. पोराने धडा मोठ्याने वाचायचा, टॅबवर आवाज भरायचा, स्वतःच ऐकायचा आणि जिथे अडखळलं तिथे पुस्तकात पेन्सिलीने टिंब करायचं. मग टॅब बंद. टिंबं खोडली जाईपर्यंत पुस्तक घेऊन बसायचं. मशीन दोन मिनिटं, पोर तासभर. तो तास धनेशच्या संगणकात कुठे दिसत नव्हता. विनिताने ऑफिसच्या साहेबांना तीनदा लिहून दिलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, मिनिटं वाढवा.

शनिवारी शाळा सुटल्यावर विवेक सरांनीच विषय काढला. रविवारभर गाणी लावून ठेवू, म्हणाले, सगळे तेच करतात.

"टॅब गेले तर माझी पोरं कशावर ऐकतील, सांगा."

त्यांचं चुकत नव्हतं. विनिताने दहाही टॅब चार्जिंगला लावले, गाणी सुरू केली, दाराला कडी घातली. स्कूटरपर्यंत गेली. बंद खोलीतून दहा तोंडांनी एकच बडबडगीत येत होतं, एक पुढे, एक मागे, कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं. आत माणूस नाही. ती परत फिरली आणि एकेक टॅब बंद केला. यात सच्चेपणा वगैरे काही नव्हता. चीड आली होती. पोरांनी घसा सुकवून वाचायचं आणि पास मात्र रिकामी खोली होणार?

विवेक सर पायरीवर बसून राहिले.

मंगळवारी टेम्पो आला. सोबतच्या कागदावर कारणाच्या रकान्यात 'वापर नाही' असं छापूनच आलं होतं. विवेक सरांनी सही केली आणि ते वर्गात निघून गेले.

टॅब देताना आतलं सगळं पुसून द्यायचं, असा नियम. विनिता ओट्यावर बसून पुसू लागली. नऊ टॅब पुसून झाले. चौथीतली प्राप्ती कधीची शेजारी उभी होती.

"बाई, आमचे आवाज पन जानार?"

"हो गं."

प्राप्ती म्हणाली, माझा सगळ्यात पहिला आवाज लावा.

तो जूनमधला होता. "स... समु... समुद..." मग नुसता श्वास. मागे कुठेतरी कोंबडा आरवला. परत "समु..." प्राप्ती कपाळाला आठी घालून शेवटपर्यंत ऐकत राहिली, शेजारच्या घरातलं लहान पोर रडताना ऐकावं तसं.

"एका शब्दावर किती अरते ही," ती म्हणाली.

विनिताचं बोट काचेवर तसंच थांबलं होतं. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"पुसा, बाई. मना आता येतं."

तरी बोट हलेना. तेव्हा प्राप्तीने वाकून स्क्रीनवरचं वाक्य न अडखळता मोठ्याने वाचलं, "सर्व माहिती कायमची नष्ट होईल," आणि 'होय'वर स्वतःच बोट ठेवलं.