चार सारख्या चुका

बारकीला घरात सगळे बारकी म्हणत, ते ती दोन भावंडांत धाकटी म्हणून. बाकी ती आईपेक्षा वीतभर उंच होती आणि तिचा आवाज जिन्याच्या तळापर्यंत जायचा. कायद्याच्या कॉलेजात जायचं हे तिनं कधीचंच ठरवून टाकलं होतं. त्या प्रवेश परीक्षेत तर्काच्या प्रश्नांना मोठं वजन असायचं: वर दोन विधानं, खाली एक निष्कर्ष, आणि तो त्या विधानांतून निघतो की नाही एवढंच सांगायचं. बाकीची मुलं या प्रश्नांना वैतागायची, बारकीला मात्र त्यांची गोडी लागली होती.

"यात कुणाला काय वाटतं त्याला किंमतच नाही," ती आईला सांगायची. "लिहिलंय तेवढंच धरायचं. पदरचं काही घालायचं नाही."

आई एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. ती म्हणायची, "आमच्याकडेही तसंच गं. फक्त पेशंट हलतात, तुझी विधानं निदान जागच्या जागी असतात."

गादीच्या दुकानावरच्या माडीवर बारकीचा क्लास भरायचा. तिथले तर्काचे सर हुशार म्हणून नावाजलेले होते आणि ते त्यांना पुरेपूर माहीत होतं. एका दुपारी सराव परीक्षेचे पेपर वाटता वाटता ते बारकीपाशी थांबले.

"तू उद्यापासून पहिल्या बाकावर बसायचं. एकटीनं."

"का सर?"

"तुझ्या चार चुका आहेत. शेजारी बसलेल्या आपल्या टॉपरच्याही चारच आहेत. प्रश्न तेच, उत्तरंही तीच." सरांनी दोन्ही पेपर वर्गाला दिसतील असे उंच धरले. "मी तर्क शिकवतो बाई. यातून काय निष्कर्ष निघतो, ते मला कळत नसेल का?"

वर्ग हसला. बारकीच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मी कुणाचंही पाहिलं नाही सर."

"मग काय, त्यानं तुझं पाहिलं?"

यावर वर्ग आणखी मोठ्यानं हसला. टॉपरनं मान खाली घातली आणि पेनाचं टोपण काढत-घालत बसला. दर परीक्षेत पहिला यायचा म्हणून त्याला सगळे टॉपर म्हणायचे. त्याला कुणीच काही विचारलं नाही.

क्लास सुटल्यावर बारकीनं त्याला जिन्यातच गाठलं. "तू गप्प का बसलास?"

"मला सर काही बोललेच नाहीत," तो म्हणाला. "मग मी उगाच कशाला मध्ये पडू?"

"अरे, मी तुझं पाहिलं नाही हे तुला माहितीये ना?"

"मला काय माहीत? मी तर माझा पेपर लिहीत होतो."

हे ऐकून बारकीला संताप आला. ती तरातरा घरी आली आणि दप्तर कॉटवर आदळलं. आईनं सगळं ऐकून घेतलं, गॅस बारीक केला आणि म्हणाली, "परीक्षा तोंडावर आलीये. पहिल्या बाकावर बस म्हणाले ना? बस. फळा तरी नीट दिसेल."

"आई, त्यांनी मला चोर म्हटलंय!"

"म्हणू देत गं. आपल्याला माहितीये ना आपण काय आहोत ते."

"वर्गाला माहीत नाही!"

आई गॅसकडे वळली. बारकी पेपर घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली आणि ते चार प्रश्न पुन्हा वाचू लागली. चौथा असा होता: फक्त पोहता येणाऱ्यांनाच बोटीवर नोकरी मिळते; शेजारच्या काकांना पोहता येतं; म्हणून काकांना बोटीवर नोकरी मिळेल. तिनं 'निष्कर्ष निघतो' असं लिहिलं होतं. आता शांतपणे वाचताना तिला स्वतःचीच चीड आली. पोहता येत नसेल तर नोकरी नाही, एवढंच तर म्हटलंय! येत असलं म्हणजे ती मिळेलच, असं कुठं लिहिलंय? मग तिच्या लक्षात आलं की चारही प्रश्नांत 'फक्त' होतं. आणि मग तिला बससंपाचा दिवस आठवला. त्या दिवशी वर्गात दोघंच पोचली होती, ती आणि टॉपर. सरांनाही घरी जायची घाई होती. "एक युक्ती सांगतो," ते म्हणाले होते, "'फक्त' दिसलं की सरळ 'सर्व' वाचायचं आणि पुढं जायचं." पेपरात वेळ कमी होता. तिनं डोकं न लावता तीच युक्ती वापरली होती, आणि टॉपरनंही.

"आई! चूक सरांची आहे!"

दुसऱ्या दिवशी आई दवाखान्यातून लवकर निघून क्लासवर आली. संचालकांनी दोघींना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, बारकीचं बोलणं अर्ध्यात तोडलं आणि आईकडे वळून हसले. "मुलींना या वयात स्पर्धेचं दडपण येतं हो. एखादीचा तोल जातो. आम्ही मनावर घेत नाही. तुम्हीही घेऊ नका."

बारकी उसळून काही बोलणार, तोच आई उठली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"तोल कुणाचा गेलाय ते बघू या," ती म्हणाली. "सर आत्ता शिकवतायत ना? चला."

संचालक "अहो, अहो" करत मागून येईपर्यंत मायलेकी वर्गाच्या दारात उभ्या होत्या. बारकी म्हणाली, "सर, तो बोटीवरच्या नोकरीचा प्रश्न फळ्यावर सोडवून दाखवाल? मला समजला नाही."

सरांना वाटलं, पोरगी नरमली. त्यांनी खुशीत खडू उचलला. हे पेपर बाहेरून छापून यायचे, उत्तरंही सोबत यायची. सरांनी तपासताना नुसत्या खुणा जुळवल्या होत्या. त्यांनी प्रश्न लिहिला, 'फक्त' खोडून 'सर्व' केलं, काकांना बोटीवर चढवलं आणि खाली ठसठशीत लिहिलं: निष्कर्ष निघतो.

"सर," बारकी म्हणाली, "छापील उत्तर 'निघत नाही' असं आहे. याच उत्तरासाठी काल तुम्ही माझे गुण कापलेत."

सरांनी टेबलावरचा उत्तरांचा कागद पाहिला, मग फळा पाहिला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे सरांनीही हिचंच पाहिलं की काय?" वर्गात खसखस पिकली.

"बससंपाच्या दिवशी तुम्ही ही युक्ती आम्हा दोघांनाच सांगितली होती," बारकी म्हणाली. "विचारा त्याला."

टॉपर हळूच उठला. "हो सर. आम्हाला दोघांना सांगितली होती."

आता बोलतोय! बारकीला त्याच्याकडे बघवेना.

सरांनी फळा पुसला. "ठीक आहे. छापील उत्तर बरोबर आहे. सगळ्यांनी दुरुस्त करून घ्या. आता पुढचं पान."

"सर, मी चोरी केली नव्हती, ते राहिलं."

"ते आता सगळ्यांना कळलंच ना?"

"काल तुम्ही मोठ्यानं म्हणाला होतात. आजही मोठ्यानं म्हणा."

सर पुस्तकाची पानं उलटत राहिले. बारकीनं दप्तर उचललं, आणि पुन्हा त्या क्लासची पायरी चढली नाही. पुढचा अभ्यास तिनं घरीच केला. प्रत्येक 'फक्त'पाशी ती थांबायची, आणि दर वेळी नव्यानं चिडायची.

कायद्याच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. त्याच आठवड्यात दादा बाहेरून हसत आला. "बारके, तू क्लासच्या दारावर टांगलीयेस. हारासकट!"

मायलेकी तडक निघाल्या. खरंच, क्लासच्या दाराशी बारकीचा हातभर मोठा फोटो लावला होता आणि खाली 'आमच्या मार्गदर्शनाचे यश' असं लिहिलं होतं. आईनं गादीवाल्याकडून स्टूल मागून आणलं आणि बारकीनं त्यावर चढून फोटो उतरवला. आवाजानं सर जिन्यात आले. 

"जुनं मनात ठेवू नकोस," ते हळू आवाजात म्हणाले. "चूक होते माणसाकडून."

"वर नवी बॅच बसलीये ना सर?" बारकीनं विचारलं. "हे त्यांच्यासमोर म्हणाल?"

सर घुटमळले. मग म्हणाले, "त्यांना तू कोण ते कुठं माहितीये?"

"माझा एवढा मोठा फोटो लावलात की!"

सर वळले आणि जिना चढून गेले. वर काही ऐकू येतं का म्हणून दोघी थोडा वेळ थांबल्या. पंख्याच्या घरघरीतून सरांचा नेहमीचा आवाज आला: पुस्तकं काढा.

खच्चून भरलेल्या बसमध्ये फोटो मावेना. कंडक्टर म्हणाला, "बाई, याचं वेगळं तिकीट काढा." आईनं हार काढून बारकीच्या हातात कोंबला, फोटोचा चेहरा आतल्या बाजूला करून तो काखेत मारला, आणि दोघी रागारागानं पायीच घराकडे निघाल्या.