सत्तर किलोचा माणूस

"मॅडम, पिऊन गाडी चालवायला किती चालते?" शिवराजने वर्गात विचारलं, तेव्हा सगळे हसले. मी मर्यादा सांगितली: शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम. मग सत्तर किलोचा माणूस धरून फळ्यावर गणित केलं. बिअरच्या छोट्या बाटलीला सत्तावीस आलं.

महिन्याभराने शिवराज मोटारसायकलच्या अपघातात गेला. आज त्याचे वडील जळकोटहून त्याची वही घेऊन कॉलेजात आले.

"रक्ताच्या रिपोर्टात अडतीस हाय. पोरगं एकच छोटी बाटली प्यालं व्हतं, दोस्त सांगत्यात. तुमचं गणित सत्तावीस म्हणतंय. रिपोर्ट खोटा हाय न्हवं, बाई?"

"त्याचं वजन किती होतं?"

"पन्नास. लई बारीक व्हता."

मी वहीतलं सत्तर खोडून पन्नास लिहिलं. उत्तर अडतीस आलं. वही त्यांच्याकडे फिरवायला मला फार वेळ लागला.