लिओनाचं मचाण

हरणाची शिकार हा गरिबाचा छंद आहे, असं मला माझ्या मेव्हण्याने सांगितलं. वेंडेलकडे चार रायफली आहेत, मांस दळायचं यंत्र आहे आणि मेलेली हरणं ओढून आणायला एक वेगळी चारचाकी आहे. गरिबी त्याने लांबूनच पाहिलेली आहे.

"रायफल लिओनाची आहेच," तो म्हणाला. "कोट तिचा आहे. तुला फक्त परवाना काढायचा आणि मचाणावर जाऊन बसायचं. बसता तर येतं ना तुला? तीस वर्षं बस चालवलीस."

बसता येतं. बाकी काही येत नाही.

लिओना म्हणजे माझी बायको. शिकार ती करायची. मी शाळेची बस चालवायचो आणि घरी बटाटे सोलायचो. नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगचा सण झाला की ती भावाबरोबर डोंगरावर जायची, तिच्या वडिलांनी बांधलेल्या झोपडीवजा कॅम्पवर, आणि हरीण घेऊन यायची. तळघरातला फ्रीजर भरायचा. मी कधी गेलो नाही. मला थंडी सोसत नाही, आणि ते पुरुष स्टोव्हभोवती बसून जे बोलतात तेही सोसत नाही. मागच्या वर्षी सप्टेंबरात लिओना वारली. हंगाम आला आणि गेला. तिचं मचाण रिकामं राहिलं.

यंदा ऑगस्टमध्ये वेंडेल आला, स्वयंपाकघरात उभा राहिला आणि टोपी हातात फिरवत म्हणाला, "तुला बाबांचा नियम माहीत आहे का?"

मला माहीत नव्हता. त्याने सांगितला. ज्या मचाणावरून लागोपाठ दोन हंगाम काही आलं नाही, ते मचाण दुसऱ्याला जातं. काही म्हणजे एक तर हरीण, नाही तर शेपूट.

"शेपूट?"

"नेम चुकला की त्या माणसाच्या अंगातल्या शर्टाचा मागचा खालचा तुकडा कापायचा, त्यावर नाव घालायचं आणि भिंतीला ठोकायचा. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. निदान गोळी तरी झाडली, एवढा त्याचा अर्थ. नुसतं झोपा काढायला येणाऱ्याला बाबा मचाण ठेवू द्यायचे नाहीत."

"आणि लिओनाचं कोणाला जाणार?"

"ट्रॉय मागतोय."

ट्रॉय त्याचा जावई. मुलगा वाईट नाही. पण त्याच्याकडे बॅटरीवर तापणारे मोजे आहेत, आणि झाडांना बांधलेले कॅमेरे त्याला हरणांचे फोटो फोनवर पाठवतात. लिओनाचं मचाण तिने स्वतः ठोकलं होतं. बीच नावाच्या उंच झाडांमध्ये, ओढ्याच्या वर. बसायच्या फळीवर तिने जुन्या गालिच्याचा तुकडा खिळ्यांनी लावला होता. तो गालिचा आमच्या बैठकीच्या खोलीतला. त्यावर तापत्या मोज्यांचा ट्रॉय बसणार, हे मला चालणार नव्हतं.

"मी येतो," मी म्हणालो.

वेंडेलने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विमान चालवतो म्हणालो असेन.

मग सुरू झाला वैताग. आधी शिकवणी. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला वर्गात बसावं लागतं, आणि वर्ग अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. तिथे मी आणि बारा-तेरा वर्षांची पोरं. त्यातल्या निम्म्यांना मी बसमधून शाळेत नेलेलं. एक मुलगी मागून ओरडली, "मिस्टर नॉर्ब, पुढच्या बाकावर बसा, मागे दंगा करायचा नाही!" परीक्षेत तिला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले.

बूट चर्चच्या जुन्या बाजारातून घेतले. डावा करकरत होता, हे घरी येऊन कळलं. काडतुसांच्या किमती ऐकून मी दुकानदाराला विचारलं की सुटी मिळतात का, अंड्यांसारखी. सराव म्हणून खडीच्या खाणीत जाऊन मी रंगाच्या डब्यावर तीन गोळ्या झाडल्या. डब्याला काही झालं नाही. चौथी मी वाचवली.

एकाच बाबतीत मी हात सैल सोडला आणि त्याचीच शिक्षा झाली. दुकानदाराने हरणीच्या मुताची बाटली विकली. छोटी, औषधाच्या बाटलीएवढी. "याच्या वासाने नर पळत येतो," म्हणाला. माझा परवाना फक्त मादी मारायचा होता, हे मला गाडीत बसल्यावर आठवलं. वैतागून बाटली बाजूच्या सीटवर टाकली. झाकण नीट नव्हतं. पहिल्याच वळणावर ती सांडली. मी गाडी थांबवून पुढच्या खणातलं फडकं काढलं आणि पुसत बसलो. जितकं पुसलं तितकं पसरलं. त्या दिवसापासून माझ्या गाडीत कोणी बसलेलं नाही. नर तेवढे आले असतील तर माहीत नाही.

कपडे मात्र लिओनाचे होते. आमचा अंगलोट जवळपास सारखा. तिचा भगवा कोट मला बाह्यांत आखूड होतो, एवढंच. तळघरात ते मोठ्या पिशवीत बंद करून ठेवलेले होते, वर हेमलॉकच्या, म्हणजे डोंगरावरच्या सूचिपर्णी झाडाच्या, डहाळ्या. शिकारीचे कपडे ती वास नसलेल्या साबणाने धुवायची, बाहेर वाळवायची आणि असेच ठेवायची, म्हणजे हरणाला माणूस कळत नाही. लोक म्हणतात, माणूस गेलं तरी कपाटात वास राहतो. आमची शेजारीण नवऱ्याचा स्वेटर नाकाशी धरून बसते. मी पिशवी उघडली, तिचा निळा-तपकिरी चौकड्यांचा शर्ट तोंडावर धरला, आणि पाला. नुसता पाला. बाईने स्वतःच स्वतःला धुऊन काढलेलं होतं. इतका राग आला मला.

तरी तोच शर्ट घातला. कोपरावर तिने ठिगळ लावलेलं होतं आणि एक बटण भलत्याच रंगाचं होतं.

हंगामाच्या पहिल्या शनिवारी मी करकरत्या बुटाने मचाणावर चढलो. उजाडलं. ओढ्यापलीकडे काहीतरी हललं. मी श्वास रोखला आणि गुडघ्याने थर्मास ढकलला. तो शिडीच्या प्रत्येक पायरीवर वाजत खाली गेला. हरणाने जोरात फुरफुर केलं, पांढरी शेपटी वर केली आणि सगळ्या डोंगराला खबर दिली.

कॅम्पवर स्टश सूप ढवळत होता. स्टश म्हणजे वेंडेलचा लहानपणापासूनचा मित्र. शिकार थोडी, स्वयंपाक जास्त आणि तोंड सर्वांत जास्त.

"काय रे नॉर्ब, आज बँड घेऊन गेला होतास?" त्याने विचारलं. "मला इथे ढोल ऐकू आला."

"थर्मास पडला."

"लिओना बरणीत कॉफी न्यायची. लोकरी मोज्यात घालून. मोजा वाजत नाही."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तू कधी विचारलंस?"

हे असं. प्रत्येक गोष्ट झाल्यावर कळायची. पेपरमिंटचा कागद वाजतो. खाली वाकून बूट बांधला की नेमकं तेव्हाच हरीण येतं. वारा ओढ्याकडून आला तर चांगला आणि ओढ्याकडे गेला तर घरी जावं. रोज संध्याकाळी मी हात हलवत परत, आणि स्टोव्हपाशी ट्रॉय मला फोनवर माझ्याच मचाणाखालून गेलेल्या हरणाचा फोटो दाखवणार. "बघा नॉर्बकाका, तुम्ही उतरलात आणि ही आली."

"तिला सांग, मी परत येतोय."

स्टोव्हमागची भिंत शेपटांनी भरलेली होती. एकावर एक, धुराने काळी पडलेली. लिओनाच्या वडिलांची तीन. वेंडेलची पाच. स्टशची इतकी की त्याने मोजणं सोडलं होतं. लिओनाचं दिसत नव्हतं. बरोबरच होतं. आयुष्यात नेम चुकला नाही, असं ती मला दर डिसेंबरात सांगायची, आणि मी बटाटे सोलता सोलता ऐकायचो.

शेवटचा दिवस आला. आज काही झालं नाही तर मचाण ट्रॉयचं. स्टशने सकाळी मला ताटात एक सॉसेज जास्त वाढलं. फाशीच्या माणसाला वाढतात तसं.

दुपारपर्यंत बर्फ पडत होता. मग थांबला आणि सगळं गप्प झालं. बीचच्या खोडांमधून एक मादी आली. नुसती चालत. जणू मला कंटाळून शेवटी भेटायला आली होती. मी रायफल उचलली. घोडा अंगठ्याने मागे ओढायचा असतो. तो ओढला. ती थांबली, मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी गोळी झाडली.

ती तशीच उभी राहिली. आधी माझ्याकडे बघितलं, मग बाजूच्या झाडाकडे, आणि काही घाई नसल्यासारखी ओढ्यात उतरून गेली.

आवाज ऐकून वेंडेल आला. जखमी जनावर सोडून यायचं नाही, म्हणून आम्ही दोघे तिच्या मागावर वाकून चाललो. बर्फावर खुरांचे ठसे स्वच्छ. रक्ताचा थेंब नाही. वेंडेल मागे फिरला, आणि माणसाच्या डोक्याच्याही वर, बीचच्या खोडात त्याला भोक सापडलं.

"झाड मारलंस," तो म्हणाला.

"मोठं होतं."

"शिंगं किती होती?"

"वेंडेल, गप्प बस."

पण मी आतून हलका झालो होतो. गोळी झाडली होती. शेपूट दिलं की मचाण राहणार. कॅम्पमध्ये शिरेपर्यंत मला सुचलंच नव्हतं की ते कुठल्या शर्टाचं द्यायचं आहे.

स्टशने पत्रा कापायची कात्री काढली. "या साहेब. कोट काढा. पाठ करा."

मी कोट काढला आणि थांबलो.

"हा नाही," मी म्हणालो. "माझ्या पिशवीत दुसरा आहे. तो घे, अख्खा घे."

"गोळी झाडताना अंगात होता तोच. असाच नियम आहे."

"नियम खड्ड्यात गेला! बनियन घे. पँट घे."

"तुझी पँट भिंतीवर लावली तर इथे जेवेल कोण?"

कोणी हसलं नाही. त्यांनाही शर्ट दिसला होता. ट्रॉयने घसा खाकरला. "नॉर्बकाका, नसेल द्यायचा तर नका देऊ. गोळी झाडलीच नाही असं समजू. कोणी काही म्हणणार नाही."

चांगल्या मनाने बोलला पोरगा. आणि त्या चांगल्या मनाच्या शेवटाला तोच गालिच्यावर बसणार होता.

मग मात्र मी ओरडलो. काय ओरडलो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. थर्मासपासून सुरुवात केली. बूट, काडतुसं, बाटली, वर्गातली पोरं. मग म्हणालो, "तिचे चार कपडे राहिलेत माझ्याकडे. त्यांना तिचा वासही नाही. आणि तुम्हाला त्यातलाही तुकडा पाहिजे? असले कसले नियम तुमच्या बापाचे?"

स्टशने कात्री टेबलावर ठेवली. भिंतीपाशी गेला, लिओनाच्या वडिलांची शेपटं वर उचलली, त्यांच्या मागे हात घातला आणि एक खिळा उपटला. उलटं ठोकलेलं एक कापड काढून त्याने माझ्या हातात दिलं.

"मी शपथ घेतली होती," वेंडेल त्याला म्हणाला.

"मीही घेतली होती. तिला मी वर भेटलो की बोलणी खाईन."

हिरव्या रंगाचं, पिवळ्या रेघांचं कापड. वर सासऱ्यांच्या अक्षरात शाईने: लिओना. मोठा नर. वीस पावलांवरून चुकली.

मी ते दोनदा वाचलं. मग कापड उलटसुलट केलं.

"हा माझा शर्ट आहे," मी म्हणालो.

"हो ना," स्टश म्हणाला.

"हा हरवला होता. मी अख्खा हिवाळा शोधला. दोरीवरून कुत्र्याने नेला असं ती म्हणाली. मी शेजाऱ्यांशी भांडलो, त्यांच्या कुत्र्यावरून!"

"तुझेही शर्ट घालायची ती इथे. सैल असतात, म्हणायची, खांदा मोकळा राहतो. चुकली त्या दिवशी रडली नाही की काही नाही. या इथे उभी राहिली, पाठ केली आणि म्हणाली, कापा, पण नॉर्बला कळता कामा नये. मी म्हटलं, नेम चुकला ते? तर म्हणे, ते कळलं तर हसेल नुसता. शर्टाचं कळलं तर मेले मी."

वेंडेल हसायला लागला. आधी दाबून, मग मोठ्याने. मलाही आवरलं नाही, पण माझं हसणं मध्येच भलतीकडे गेलं आणि मला बाकावर बसावं लागलं. ट्रॉयने न विचारता कॉफी आणून ठेवली.

मग मी उठलो आणि स्टशकडे पाठ केली.

"काप. पण सरळ काप."

त्याने वाकडंच कापलं. कात्री पत्र्याची, हात सूप ढवळायचे. वेंडेलने शाईने लिहिलं: नॉर्ब. बीचचं झाड. लिओनाचं शेपूट या वेळी सुलटं ठोकलं, तिच्या शेजारी माझं. तिच्या नावाखाली माझा शर्ट, माझ्या नावाखाली तिचा. ट्रॉय बघत होता. "पुढच्या वर्षी त्या मचाणाची तिसरी पायरी बदला, नॉर्बकाका," तो म्हणाला. "हलते ती."

"आधी सांगायचं नाही का?" मी म्हणालो.

वेंडेलने त्याच्या हरणाचा एक मागचा पाय कागदात गुंडाळून दिला. मी नको म्हटलं, त्याने ऐकलं नाही.

गाडीत बसलो. कोट बाजूला टाकला होता; कमरेला सीट गार लागली, कारण तिथे आता शर्ट नव्हता. आतून सगळी काच धुरकट झालेली. खणातून फडकं काढलं. बस चालवायचो तेव्हापासूनचं माझं फडकं. लिओनाने दिलेलं, काच पुसायला. इतक्या वर्षांत धुऊन धुऊन त्याला रंग राहिलेला नाही, आणि आता तर हरणीच्या मुताचा भपकारा येत होता. मी ते उलगडलं. एका कडेला शिवण होती. शिवणीच्या आत, जिथे ऊन पोचत नाही, तिथे हिरवं होतं. त्यावर एक पिवळी रेघ.

"लिओना," मी म्हणालो, "तू पण ना."

काच पुसली आणि घरी निघालो.